पिवळा रंग

केदारच्या मांडीला टाके पडले त्याच संध्याकाळी विजयाने सोसायटीच्या ग्रुपवर घसरगुंडीचा फोटो टाकला. पत्रा मधोमध फाटून वर आला होता आणि त्याच्या कडेला तिच्या मुलाचं रक्त वाळलं होतं. खाली तिने एवढंच लिहिलं, ‘उद्याच्या उद्या ही बंद करा.’

कुणी रडके चेहरे पाठवले, कुणी जोडलेले हात. एकाने विचारलं, मुलासोबत मोठं माणूस कोण होतं? आणि चेअरमन जयवंतभाईंनी लिहिलं, ‘वहिनी, असले फोटो इथे नको. लोकांनी फ्लॅट विकायला काढलेत.’

विजया मूळची चिपळूणची. सिल्वासाला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि तिने जवळच सामरवरणीत हा फ्लॅट घेतला, तोही खालच्या बागेकडे बघून. आता त्या बागेत जायचं तर ओढणी नाकाला लावावी लागे. वाळूत कुत्र्याची घाण, झोपाळ्याच्या खांबांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, भिंतीलगत वरून फेकलेली डायपरं. बाहेरचे लोक घाण करतात, असं मीटिंगमध्ये सगळे म्हणत. पण थुंकणारे दुसऱ्या मजल्यावरचे होते आणि कुत्रं खुद्द जयवंतभाईंचं.

ती त्यांच्या घरी गेली.

“वॉचमनची पोरगी, कामवाल्यांची पोरं चढून चढून पत्रा फाटला, वहिनी,” जयवंतभाई म्हणाले. “त्यांना हाकला म्हणून कधीचा सांगतोय.”

“पत्रा गंजलाय. हात लावा, भुगा होतोय त्याचा.”

“करतो ना. रविवारी आपण बालसुरक्षेचा कार्यक्रमच ठेवलाय. पाहुणे बोलावलेत. बघा कसं चकाचक होतं.”

रविवारी खरंच चकाचक झालं होतं. वाळूवर नवी वाळू टाकली होती. तिच्याखाली काय आहे ते विजयाला वासावरून कळत होतं. फाटकावर बॅनर होता, ‘आमची मुलं, आमची जबाबदारी’. घसरगुंडी पिवळीधमक, तिला फुगे बांधलेले. शहरातले एक पुढारी आले, भाषण झालं, पेढे वाटले. विजयाने पेढा तोंडात टाकला आणि केदारला बाकावर बसवून घसरगुंडीपाशी गेली. मधोमध बोट दाबलं. बोट आत गेलं. फाटलेल्या पत्र्यावर नुसती चिकटपट्टी लावून वरून रंग मारला होता.

ती जयवंतभाईंना शोधायला वळली, तेवढ्यात फोटोवाला ओरडला, “कुणीतरी मूल वर बसवा!”

जयवंतभाईंचा नातू आधीच शिडी चढायला लागला होता. जयवंतभाई लगबगीने गेले आणि त्याला काखेत धरून खाली उतरवलं. “तू नको रे राजा. तू नंतर.” मग इकडेतिकडे पाहिलं. फाटकाशी वॉचमन समाधान उभा होता आणि त्याच्या पायाला धरून त्याची चिमुरडी सोनम.

“ये, ये सोनम! आज तुझा नंबर.”

रोज ज्या बागेतून तिला हुसकावत, त्या बागेत आज चेअरमन स्वतः बोलावत होते. पोरगी हरखून धावली.

विजयाच्या तोंडातला पेढा एकदम बुळबुळीत झाला. गिळवेना. तिने तो रुमालात थुंकला. या माणसाला माहीत होतं. चिकटपट्टी कुठे आहे, तिच्याखाली काय आहे, सगळं माहीत होतं. ती शिडी चढली आणि वर बसलेल्या सोनमला कमरेला धरून उचललं.

“ताई, मला बसू द्या ना!” पोरगी रडायला लागली.

“वहिनी, पाहुण्यांसमोर हे काय चालवलंय?”

“तुमच्या नातवाला बसवा.”

“तो घाबरतो.”

“चढत होता की. तुम्ही उतरवलंत.”

विजयाने सोनमला खाली ठेवलं आणि चिकटपट्टीचं टोक धरून ओढलं. रंगासकट पट्टी निघाली. दातेरी पत्रा वर आला. लहान पोराचं पाऊल आत जाईल एवढी फट होती. पाहुणे मोबाइलमध्ये बघू लागले.

“अगं विजया, नंतर बोलता आलं असतं की,” शेजारची सरिता पुटपुटली.

विजयाने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांकडे. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. आणि एकीनेही आपल्या मुलाचा हात सोडलेला नव्हता. मघापासून पोरं घसरगुंडीकडे ओढ घेत होती आणि आया त्यांना घट्ट धरून, हसऱ्या चेहऱ्याने, वॉचमनची पोरगी घसरायची वाट बघत होत्या.

जयवंतभाईंची घाण निदान उघड होती. ही तर अत्तर लावून उभी होती.

समाधानने मुलीला उचलून घेतलं. “काढतीन ना मला आता, ताई,” तो हळूच म्हणाला. हे विजयाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घसरगुंडी कापून नेली. त्याच आठवड्यात समाधानलाही नरोलीच्या एका कारखान्याच्या गेटवर पाठवलं. विजया वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे भांडायला गेली. त्याने सरळ सांगितलं, “तुमच्याच सोसायटीने मागणी केली, मॅडम. सगळ्यांच्या सह्या आहेत.”

ग्रुपवर कार्यक्रमाचे फोटो आले. तिला त्यातून कापून काढलं होतं. खाली टाळ्यांची रांग. ती ग्रुपमधून बाहेर पडली.

परवा केदारला घेऊन वर जाताना लिफ्टमध्ये सरिता भेटली. गोड हसून विचारलं, “केदारचा पाय कसा आहे गं?”

दार मिटत होतं. विजयाने हात घालून ते उघडलं, बाहेर येऊन केदारला कडेवर घेतलं आणि जिन्याने वर गेली.