खलात पडलेलं कुंकू

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, हे गोजरबाईच्या अंगवळणी पडलं होतं. केडगावच्या कॉलेजात ती शिपाई म्हणून लागली, तेव्हा प्रयोगशाळेत नुसते स्टोव्ह आणि तराजू होते. त्या वेळचे म्हातारे प्राचार्य स्वतः तराजूला झेंडूचा हार घालीत आणि पोराठोरांना पेढे वाटीत. पुढं ते गेले, विजेची मोठी भट्टी आली आणि हर्षल सर आले. सरांनी पहिल्याच वर्षी बजावलं, "मावशी, इथं हळदकुंकू आणायचं नाही. आमचं काम शुद्धतेचं आहे."

पण जन्माची सवय अशी सुटते थोडीच! त्या नवमीला सर गावी गेलेले बघून तिनं घरून कुंकवाची डबी आणली. कुंकू घरचंच, आई करायची तसंच ती अजून हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून करीत असे. भट्टीला बोट लावलं, काट्याला लावलं, आणि सरांच्या विद्यार्थिनीच्या, सुकन्याच्या खलाच्या काठाला लावताना डबी कलंडली. चिमूटभर कुंकू आतल्या पिवळसर भुकटीत सांडलं. काढायला गेली तर ते आणखीच पसरलं. शेवटी बत्ता घेऊन ती घोटत बसली, लाली दिसेनाशी होईपर्यंत.

सुकन्या पाथर्डीकडची. आईबाप दरसाल कोपरगावाकडं ऊसतोडीला जायचे. ही शिकवण्या घेत शिकली आणि सरांच्या हाताखाली संशोधनाला लागली. ती भुकटी दाबून रुपयाएवढ्या चकत्या करायची नि भट्टीत भाजायची.

"काय गं, रोज भाकरी थापती, खायला कवा घालनार?" गोजरबाईनं एकदा विचारलं होतं.

"मावशी, ही भाकर नव्हं, चाळण हाय," सुकन्या हसली होती. "हायड्रोजनचा लई बारीक कण असतो, प्रोटॉन. तेवढाच पलीकडं जाऊ द्यायचा. मग वाफेतून हायड्रोजन काढता येतो, वीज करता येते. चकतीच्या दाण्यातून तो सरसर पळतो, वाफ्यातल्या पाण्यासारखा. पण दाण्याला दाणा भिडतो तिथं बांध आडवा येतो. तो बांध फोडायचा, एवढंच माझं काम."

"मंग फोड की!"

"फुटतोय कुठं!"

नवमीनंतरची चकती भट्टीतून निघाली ती काचेसारखी घट्ट. सुकन्यानं ती प्रोटॉन किती पळतात ते मोजायच्या यंत्राला लावली आणि आकडा बघून यंत्रच बंद केलं. पुन्हा लावलं. आकडा तोच. बांध फुटला होता. सरांनी लेख लिहिला, तो परदेशात छापून आला. गोजरबाईनंही देवापुढं दिवा लावला. आपल्या हातून काही बिघडलं नाही, असं तिला वाटलं.

मग मात्र तो आकडा काही केल्या पुन्हा येईना. तीच भुकटी, तीच भट्टी, पण प्रोटॉन बांधाला अडायचे ते अडायचेच. गोजरबाईच्या मनानं घेतलं, माझ्या कुंकवाचा अंश खलात राहिलाय, तोच आता नडतोय. सांगायची तर छाती होईना. ती रोज संध्याकाळी ॲसिड घालून खल घासू लागली.

"आरशासारखा केलात की मावशी," सुकन्या म्हणायची, आणि उदास होऊन नवी भुकटी घोटायला बसायची.

पुढं परदेशातल्या लोकांनी कळवलं की आमच्याकडं असं काही होत नाही. चौकशी बसली. सरांनी समितीला सांगितलं की मोजमाप मुलीनं एकटीनं केलं होतं. आकडा रचलेला आहे, असा शेरा सुकन्याच्या नावावर पडला आणि शिष्यवृत्ती थांबली. बापाचा उसाच्या फडातून फोन आला, "पोरी, खोटं केलंस का गं?"

सुकन्या कॉलेज सोडून जायला सामान आवरत होती तेव्हा गोजरबाईला राहवलं नाही. दार लोटून घेऊन तिनं सगळं सांगितलं. "माझ्या पापी हातानं तुझा खल बाटला गं. लई घासला, पन डाग जाईना."

सुकन्याच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. "कुंकू घरचं होतं? टाकणखार घातलेलं?"

"व्हय."

"मावशी, सोनार दागिना जोडताना टाकणखार का लावतो? धातू नीट वितळून सांध्यात उतरावा म्हणून! तसंच झालं असेल. हळद जळून गेली असेल आणि खारानं दाणे सांधून बांध फोडला असेल. म्हणजे मी खोटं न्हाई केलं. मावशी, मी खोटं न्हाई केलं!"

ती गोजरबाईला ओढतच सरांकडं घेऊन गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"मावशी, लेखात छापलंय की बाहेरचं काहीही मिसळलेलं नाही. आता आमच्या शिपाईबाईंनी गुपचूप कुंकू टाकलं, असं कळवू? जग हसेल. आणि पहिली चौकशी तुमची होईल. मनाई असताना हात लावलात. येत्या दिवाळीला निवृत्ती ना तुमची? पेन्शन अडकून पडेल. तेव्हा नीट आठवून सांगा. टाकलं होतं?"

गोजरबाईनं पोरीकडं पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

"न्हाई, सर," ती म्हणाली. "म्हातारपन हाय. भास झाला आसंल."

सुकन्या म्हणाली, "कुंकू घालून एक चकती भाजू द्या, सर. एकच. शेरा बसल्यावर दुसरीकडं कोण भट्टीला हात लावू देणार मला?"

"भट्टीची किल्ली मावशींकडं असते," सर म्हणाले. "त्या देत असतील तर घे."

सुकन्यानं हात पुढं केला. हातावर भाजल्याचे जुने चट्टे होते.

गोजरबाईनं पदर आवळून घेतला आणि कनवटीच्या किल्लीवर हात घट्ट दाबून उभी राहिली. सुकन्याचा हात पुढं आलेलाच होता. गोजरबाईला वाटलं, पोरगी आता मागं घेईल, आता घेईल. शेवटी सरांनीच फाईल उघडली आणि म्हणाले, "मावशी, चहा आणा."

ती चहा आणायला गेली.