खाली वाकलेली बाई

आमच्या टाकसाळीत ठसे कोरणारा फिलेतस तोंडाचा मोठा फटकळ, पण बायकोपुढे जपून बोलायचा. ती झिया, डॅन्यूब नदीपलीकडच्या दाकिया देशाची, लहानपणी आधीच्या एका लढाईत सैनिकांनी धरून रोमला आणलेली. तिकडचं ती कधी बोलली नाही, त्यानंही कधी खोदून विचारलं नाही.

मग दाकिया जिंकल्याची नाणी पाडायचा हुकूम आला. काशाचं मोठं नाणं. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला पंखवाली विजयदेवी आणि तिच्या पायाशी हरलेली दाकियाची बाई. ही बाजू फिलेतसकडे आली. तो घरी मेणात बाई करून बघायचा आणि मोडायचा. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

एकदा झियानं ते मेण बघितलं. हनुवटीला हात लावून बसलेली बाई.

"ही कोण?"

त्यानं मेण तळहाताखाली झाकलं.

"सांग की."

"तुमच्याकडची," तो म्हणाला. "झिया, नको. हे काम मी दुसऱ्या कुणाला तरी देतो."

"असं कोण बसतं? दाढ दुखतेय जणू हिची." ती त्याच्याशेजारी बसली. "माझी आई बसलीच नव्हती. आम्हाला रांगेत हाकत होते. माझ्या जोड्याचा बंद सुटला, म्हणून ती वाकली. सैनिक अंगावर ओरडत होता, पण तिनं मान वर केली नाही. नीट दुहेरी गाठ मारली. नंतर मला वेगळ्या गाडीत घातलं."

फिलेतसनं जुनी बाई मोडली. नवी कोरली ती खाली वाकलेली, आणि तिच्यापुढे एक लहान पोर.

आमचा मुकादम रुसोनियस ठसा पाहून म्हणाला, "पोर कशाला रे मध्येच?"

"एकाऐवजी दोन कैदी, मालक. विजय तेवढाच मोठा."

मुकादम खूश झाला. "आणि मान कशी खाली घातलीय बघा! याला म्हणतात शरण येणं." त्यानं ठसा आम्हा सगळ्यांना फिरवून दाखवला. फिलेतस जमिनीकडे बघत राहिला.

ती नाणी मीच हातोड्यानं पाडली. पगारात त्यातलं एक फिलेतसला मिळालं. घरी जाऊन त्यानं ते झियाच्या तळहातावर ठेवलं. ती खिडकीशी गेली, बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"गाठ काही मावली नाही गं," तो म्हणाला.

"असू दे. बांधतेय ते कळतंय." मग नाणं मुठीत धरून म्हणाली, "तिचं नाव विचार ना मला."

"काय नाव होतं आईचं?"

"द्रिल्गिसा."

"द्रिगिल्सा."

"अरे, द्रिल्गिसा! गाढवा!" ती रडता रडता हसायला लागली. त्याला ते नाव नीट म्हणता येईपर्यंत शेगडीवरची मसुरीची आमटी करपली. दोघांनी ती तशीच खाल्ली.