रुपीच्या डोईवरची ओढणी

मित्रांनो, आज मी पेटीच्या तळाशी घडी होऊन पडले आहे आणि माझे निम्मे आरसे गळले आहेत. पण मी साधीसुधी ओढणी नाही, मी नाटकात काम केलेली ओढणी आहे. सुखीबाईने लेकीच्या लग्नासाठी कवड्या आणि आरसे जडवून मला शिवले. लेक रुपी सातवी शिकलेली. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावर ती नांदायला आली तेव्हा डोईवर मी होते आणि डोक्यात एक कादंबरी होती.

नवरा पूनमसिंग शाळेत मास्तर. त्याने तिला लिहायला कागद आणून दिले आणि साठ साली शाळेच्या नाटकात मुख्य कामही मिळवून दिले. तिथे तोवर बाईचे काम पुरुषच करायचे. सासरा खेमसिंग, तांड्याचा नायक म्हणजे मुखिया, त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. शेवटी तो म्हणाला, एकदा येऊन बघतो. मनाला आले नाही तर नाटक बंद आणि लिहिणेही बंद. त्याचा शब्द घरात कोणी मोडत नसे. तेव्हापासून तालमीत रुपीच्या कानशिलांची धडधड मला जाणवायची.

आमच्यात सून सासऱ्याला तोंड दाखवत नाही. माझा काठ हनुवटीपर्यंत ओढते आणि सांगायचे ते सासूकरवी सांगते. सासरा मागे गर्दीत बसेल, आपल्याला दिसणारही नाही, असा रुपीचा हिशेब होता. पण नायक आले म्हणून शाळेच्या मंडळींनी त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवले. त्यांनी मानच दिला. घुंगटाचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

भर दुपारी नाटक सुरू झाले. पंचांना जाब विचारणाऱ्या मुलीचे काम रुपीकडे होते. ती ताठ मानेने पुढे आली आणि समोर सासरा दिसला. हात आपसूक वर गेला. मित्रांनो, मी तरी काय करणार? ओढले की मी खाली येते. तिचा शब्द माझ्या आतच अडकला. मागून कोणी फिदीफिदी हसले. पडद्याआडून पूनमसिंग पुन्हा पुन्हा वाक्य सांगत होता, पण तिचे ओठ हलेनात. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात खेमसिंग उठला. संपले सगळे, असे मला वाटले. पण तो गेला नाही. त्याने आपली खुर्ची उलटी फिरवली आणि रंगमंचाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून तो बसला. हसणारे गप्प झाले. मग शेजारी बसलेल्या हंसाबाईला, आपल्या बायकोला, तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सुनेले सांग, मी पाहून नाही राह्यलो. तिनं मोकळ्या तोंडानं बोलावं."

हंसाबाईने निरोप पोचवला. रुपीने मला मागे सारले आणि अशी बोलली की पंच झालेले मास्तर खरोखरच खाली बघू लागले. खेमसिंगाने अख्खे नाटक पाठमोरे ऐकले. घरी गेल्यावर हंसाबाईकरवीच निकाल आला, की नाटक चालू दे आणि लिहिणेही चालू दे.

पुढे मी दारव्ह्याला गेले, यवतमाळला गेले, टाळ्या ऐकल्या. काही वर्षांनी रुपीची कादंबरी छापून आली. खेमसिंगाला वाचता येत नव्हते. त्याने ती ऐकायला मागितली. अंगणात तो सवयीने पाठ करून बसला आणि मागे बसून रुपी वाचू लागली. शेवटी कादंबरीतली सून काहीतरी सांगू पाहते आणि घुंगटाआड तिचा शब्द विरून जातो. शेवटचे पान संपले तसा खेमसिंग वळला. रुपीचा हात झटकन माझ्या काठाकडे आला.

"राहू दे, बेटी," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी थेट पहिल्यांदाच बोलत होता. "ते शेवटचं पान पुन्हा वाच. आता तुह्या तोंडाकडं पाहून आयकतो."

मी तिच्या खांद्यावर पडून राहिले आणि तिने वाचले.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका. माझे गळलेले आरसे पुन्हा शिवा, त्यात सुखीबाईचे कष्ट आहेत. सणावाराला मला हौसेने डोईवर मिरवा. फक्त कोणी बोलायला उभी राहिली, तर मला तिच्या तोंडावर ओढू नका.