तो नळ अप्पांनी बंद केला नव्हता

मी नळ बोलतोय. अमेरिकेतल्या फ्रिस्को शहरातल्या गिरीश आणि सुलेखाच्या स्वयंपाकघरातला, सिंकवरचा. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंतचा. सध्या गराजमध्ये एका खोक्यात पडलोय, अंगाला ही एवढी चीर गेलीय, आणि उद्या सकाळी कचऱ्याची गाडी मला घेऊन जाईल. चौदा वर्षं या घराचं मुकाट्याने ऐकलं. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा जाण्याआधी बोलणार.

पहिला राग त्या बिल्डरवर. टेक्सासात कुठली आलीय थंडी, असं म्हणत त्याने माझा पाइप उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीत घातला आणि भोवती नावाला चिमूटभर कापूस कोंबला. बाकी मला काही कमी नव्हतं. सुलेखा माझ्याखाली मेथी निवडून धुवायची, तांदूळ धुवायची. गिरीशचं विचारू नका. हा मला सोडायचा आणि फोनवर बोलत दिवाणखान्यात जायचा. कप अर्धा धुतलेला, मी भडाभडा वाहतोय, आणि साहेबांची मीटिंग चालू.

मागच्या सप्टेंबरात अप्पा आले. गिरीशचे वडील. आई गेल्यावर जालन्यात एकट्याने कसं राहतील, म्हणून यानेच आणलं. अप्पांची पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गेलेली. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरभर फिरून पाइप कुठून येतो, कुठे जातो ते पाहिलं, गराजमधला मेन व्हॉल्व्ह शोधला आणि फिरवून बघितला. गिरीशला तो व्हॉल्व्ह आहे हेच ठाऊक नव्हतं. माझं सैल झालेलं हँडलही अप्पांनीच घट्ट करून दिलं. या घरात मला माणसासारखं वागवणारा तो एकच माणूस.

दिवाळीच्या सुमारास ते फिरायला गेले आणि परत येताना रस्ता चुकले. अहो, इथली सगळी घरं एका साच्यातली, कुणीही चुकेल. पण तेव्हापासून अप्पांचा चष्मा जरी सापडेना झाला, तरी हे नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. मला ते बघणं अजिबात आवडायचं नाही.

मग जानेवारीत ती थंडीची लाट आली. सात डिग्री फॅरनहाइट, म्हणजे भारतातल्या मोजणीत शून्याखाली चौदा. सुलेखा हॉस्पिटलात फार्मसिस्ट, रस्त्यांवर बर्फ होणार म्हणून तिला दोन दिवस तिथेच राहायचं होतं. निघताना तिने सिंकखालच्या कपाटाची दारं उघडली, आतले डबे बाहेर काढले, म्हणजे घरातली ऊब पाइपपर्यंत जाईल. आणि मला बारीक सोडून ठेवलं. अप्पांनी विचारलं, हे कशाला? गिरीश म्हणाला, तुम्ही राहू द्या अप्पा, इथलं वेगळं असतं. वेगळं काय डोंबल असतं? पाणी जालन्यातही पाणी आणि इथेही पाणीच. सुलेखाने मात्र नीट सांगितलं, आणि अप्पांना एका वाक्यात समजलं. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, बरोबर आहे, म्हणाले.

समजलं तरी जीव तुटायचाच. जिथे पाणी चार-चार दिवसांनी येतं तिथे जन्म काढलेला माणूस तो. त्यांनी माझ्याखाली स्टीलचं पातेलं ठेवलं. भरलं की बादलीत ओतायचे आणि पुन्हा ठेवायचे. दर वेळी पुटपुटायचे, काय ही नासाडी. पण मला बंद एकदाही केलं नाही. ते पुटपुटणंच त्यांना नडलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांना सर्दी झाली. गिरीशने गोळी दिली आणि दुपारी चारला वर झोपायला पाठवलं. चांगलं केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग हा खाली डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगला बसला. रिकाम्या पातेल्यात माझे थेंब टणटण वाजत होते. पलीकडून कुणीतरी विचारलं, हा आवाज कसला? हा उठला, कानात ते बोलायचं यंत्र तसंच, बोलता बोलता आला, मला खटकन बंद केलं आणि परत जाऊन बसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नंतर मला उघडलं कोणी? कुणीच नाही. यानं पिझ्झा मागवला, पाणी फ्रिजचं प्यायला. अप्पा सातच्या सुमारास गोळीच्या गुंगीत खाली आले, जगमधलं पाणी प्यायले आणि पुन्हा वर गेले. रात्रभर भिंतीत पाइप गोठला, फुगला, फाटला. माझ्या अंगातही चीर गेली.

सकाळी नऊला आतला बर्फ वितळला आणि भिंतीतून पाण्याचा लोंढा आला. गिरीश काय करत होता? फोनवर प्लंबर शोधत होता. अप्पा, सर्दीने डोळे सुजलेले, अनवाणी त्या बर्फासारख्या पाण्यातून धावत गराजमध्ये गेले आणि त्यांनी मेन व्हॉल्व्ह बंद केला. तरी लाकडी जमीन फुगलीच, पण घर वाचलं ते त्यांच्यामुळे. आणि त्याच माणसाला हा काय म्हणाला, ऐका.

"अप्पा, नळ तुम्हीच बंद केला ना?"

अप्पा ओल्या पायांनी उभेच राहिले. मी बघत होतो. आधी त्यांच्या तोंडावर 'नाही' आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. मग ते विचारात पडले.

"आलो होतो खरा खाली... केला असेन रे."

माझ्या अंगाची आग झाली. चीर पडली तेव्हासुद्धा इतकं दुखलं नव्हतं.

त्यानंतर सगळं ठरूनच गेलं. सुलेखा परत आली, तिने हळू आवाजात डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. स्मरणशक्तीची तपासणी. तिचा दोष नाही, तिला जे सांगितलं ते तिने खरं मानलं. प्लंबरने भिंत फोडली, पाइप बदलला, मला काढून नवा नळ बसवला. स्वयंपाकघरात जमीन वाळवायचे मोठे पंखे घोंगावायला लागले, म्हणून गिरीशने आपलं टेबल इथे गराजमध्ये आणलं. माझ्या खोक्याला लागूनच.

गेल्या गुरुवारी त्याने त्या दिवशीच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग लावलं. काहीतरी कामाचं शोधत असेल. मला टणटण ऐकू आली. माझीच. मग याचाच आवाज, "वन सेकंद." पावलं. खटकन. आणि टणटण बंद.

गिरीशने रेकॉर्डिंग थांबवलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. मला वाटलं, आता हा उठेल, धावत आत जाईल. उठला, पण चहा करून घेऊन आला. आणि कामाला लागला.

आज सोमवार. चार दिवस झाले, याने तोंड उघडलेलं नाही. आत अप्पा उद्याच्या तपासणीसाठी तारीख पाठ करतायत. सुलेखाने सांगितलंय, तारीख, वार विचारतात. दोन फेब्रुवारी, सोमवार. उद्या तीन, मंगळवार. पुन्हा पहिल्यापासून. पस्तीस वर्षं अर्ध्या शहराच्या पाण्याच्या वेळा ज्यांच्या डोक्यात होत्या, ते अप्पा. नव्या नळापाशी जातात, तो उघडतात, बंद करतात, दहा पावलं जाऊन परत येतात. आत्ताच हाक मारली त्यांनी.

"गिरीश, जरा बघतोस का? नीट बंद झालाय ना?"

आणि हा इथूनच, मान वर न करता म्हणाला, "हो अप्पा, झालाय."

अरे नालायका, जरा तरी लाज बाळग. तुला काय वाटतं, ते रागावतील? ते हसतील रे. इतके हसतील की तुलाच रडू येईल. मला उद्या कचऱ्यात टाक, माझी काही हरकत नाही. डॉक्टरकडेही ने, वय झालंय, एकदा दाखवलेलं बरं. पण गाडीत बसवायच्या आधी त्यांचा हात धर आणि सांग, अप्पा, नळ मी बंद केला होता.