कानावरची कणी

श्यामकांतचा उजवा अंगठा एका रात्रीत पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता. पांघरुणाचा स्पर्शही त्याला सोसवत नव्हता. पण कुंदाचं अर्धं लक्ष दाराशी ठेवलेल्या ट्रंकेकडे होतं.

रविवारी तो मढ गावी कचेरीतल्या सोबत्याच्या लग्नाला गेला आणि सोमवारी हे उपटलं. शेजारच्या वैद्यांनी "दारुड्यांचं दुखणं" म्हटलं मात्र, कुंदाच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, डोक्यात तिडीक गेली. अण्णा घाटकोपरातल्या दारूबंदीच्या प्रभातफेरीचे म्होरके. एरवी मायाळू, नातवंडं मांडीवर बसून त्यांच्या कानावरची पांढरी कणी चाचपत. आज त्यांनीच मुलाची ट्रंक भरली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तर आजच बिऱ्हाड हलवायचं, असं त्यांनी बजावलं होतं. श्यामकांत शपथा घेत होता, थेंबाला शिवलो नाही म्हणून. कुंदाने विश्वास ठेवला, पण बारा आणेच.

डॉक्टर आले. सकाळी बोटं आखडतात का, दोन्ही हातांचे सांधे सुजतात का, जिने चढताना गुडघे कुरकुरतात का, सगळं विचारून झालं. श्यामकांत नाही नाही म्हणत राहिला.

"मग हा संधिवात नाही, सांध्यांची झीजही नाही," डॉक्टर म्हणाले. "हा गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड सांध्यात साचतं."

"दारूमुळेच ना?" अण्णांनी विचारलं.

"दारूने वाढतो खरा."

 अण्णा ट्रंकेकडे वळले, तशी डॉक्टरांची नजर त्यांच्या कानावर गेली. त्यांनी जवळ जाऊन ती कणी चाचपली.

"अण्णा, तुमचा अंगठा सुजतो कधी?"

अण्णांनी पाय मागे घेतला. शेवटी कुंदानेच सांगितलं, की दर थंडीत ते चार दिवस लंगडतात आणि ठेच लागली म्हणतात.

"ही कणी त्याच रोगाची. किती घेता तुम्ही?"

"मी?" अण्णांचा आवाज चिरकला. "जन्मात थेंब घेतला नाही."

"पटलं. काही घराण्यांत हा न पिताही येतो. मग मुलाचंही पटवून घ्या."

 अण्णा दाराशी जाऊन एकटेच ट्रंक आत ओढू लागले. कुंदाला त्यांचा भयंकर राग आला होता, ती जागची हलली नाही. मग तिला विश्वासातले स्वतः राखून ठेवलेले चार आणे आठवले. ती उठली आणि नवऱ्याकडे न बघता तिने ट्रंकेची दुसरी कडी धरली.