मधला कोरा चौकोन

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी विल्मा ह्रुस्काने गोधड्या शिवायचं मशीन थांबवलं आणि गॅरेजमधूनच जोलीन सेडलाचेकला फोन लावला.

"जोलीन, मधला मोठा चौकोन तू कोराच लावलायस का?"

पलीकडे वाहता नळ बंद झाला.

"कोरा कसा असेल? लॅडीचा आहे तो."

"म्हणूनच विचारतेय."

"त्यावर लिहिलंय त्याने, विल्मा. चष्मा लाव."

चष्मा विल्माच्या डोळ्यांवरच होता. फ्रेमवर ताणलेल्या गोधडीच्या बरोबर मध्ये पांढरं कापड होतं आणि त्यावर काहीही नव्हतं.

जोलीन आणि तिचा नवरा लॅडी यांच्या लग्नाची चाळीस वर्षं सप्टेंबरात चर्चच्या हॉलमध्ये साजरी झाली होती. आलेल्या प्रत्येकाने कापडाच्या एका चौकोनावर सही करायची, मग त्या चौकोनांची गोधडी शिवायची, अशी नेब्रास्काच्या या भागातली जुनी रीत. लॅडीने सगळ्यांत शेवटी, हाताचा आडोसा करून, मधल्या चौकोनावर काही लिहिलं आणि त्यावर रुमाल टाचून तो बायकोकडे दिला.

"गोधडी पलंगावर पसरशील तेव्हा काढायचा हा रुमाल," तो म्हणाला. "आधी काढलास तर मला कळेल."

डिसेंबरात तो धान्याच्या कोठाराजवळ कोसळला आणि पुन्हा उठला नाही. जोलीनने रुमाल काढला नव्हता. रुमालासकट चौकोन जोडून तिने शिवलेलं कापड मशीनवर टाके घालायला विल्माकडे आणलं होतं. रुमालावरून मशीन चालत नाही, म्हणून त्या सकाळी विल्माने तो पहिल्यांदा काढला. वाचायचं नाही असं ठरवून तिने मान वळवली होती. वाचण्यासारखं काही नाहीच, हे तिला टाके घालायला वळल्यावर दिसलं.

जोलीन घरातल्या सपाता घालूनच बर्फातून आली. तिने फ्रेमवर वाकून बघितलं, मग कापडावर तळवा ठेवला, मग खालून हात घालून ते उजेडाकडे उचलायला गेली.

"ओढू नकोस. ताण जाईल," विल्मा म्हणाली.

"ताण गेला खड्ड्यात! कुठे गेलं ते?"

"त्या दिवशी पेनं कुठली ठेवली होतीस?"

"पक्क्या शाईची. नवी कोरी."

"कशात ठेवली होतीस?"

"माझ्या शिवणाच्या डब्यात..." जोलीन मध्येच थांबली.

त्या डब्यात आणखी एक पेन असायचं. टाके कुठे घालायचे त्याच्या रेषा गोधडी करणाऱ्या बायका त्या पेनाने आखतात. नंतर इस्त्री फिरवली की रेषा नाहीशा होतात. त्या दिवशी ते पेनही डब्यातच राहिलं होतं, आणि काहींनी तेच उचललं असणार. कडेच्या चार-पाच चौकोनांवरही सह्या नव्हत्या. ही माणसं मेजवानीला आली नसतील, अशी विल्माची समजूत झाली होती.

"आणि तू इस्त्री केलीस," जोलीन म्हणाली.

"उलट्या बाजूने केली. प्रत्येक गोधडीला करते. एक सुरकुती राहिली तरी मशीन तिच्यावरून जातं आणि ती कायमची शिवली जाते."

"कुणी सांगितली होती तुला इस्त्री?"

"अगं, फ्रेमवर चढवायच्या आधी..."

"फ्रेमचं मला नको शिकवूस! ही फ्रेम उभी कुणी केली?"

फ्रेम लॅडीनेच उभी केली होती. दोन वर्षांपूर्वी विल्माने घेताना दोन फ्रेम बघितल्या होत्या. एक पाच फुटी, शिवणाच्या खोलीत मावणारी, घरचंच मशीन तिच्यावर बसलं असतं. पण गोधडी सारखी सरकवून पुन्हा ताणावी लागली असती. दुसरी बारा फुटी, लांब मानेचं मशीन असलेली. मोठ्या पलंगाची गोधडी तिच्यावर एका वेळी चढते. विल्माने मोठी घेतली. ती फक्त गॅरेजमध्ये मावली. गॅरेजची फरशी नाल्याकडे उतरती होती, त्यामुळे हात सोडला की मशीन आपणहून रुळांवरून एका टोकाला पळायचं. लॅडीने फ्रेमच्या पायांखाली ओकच्या पाचरी ठोकून ती पाणसळीत आणली. विल्माचा नवरा एमिल याची गाडी तेव्हापासून बाहेर उभी असते, आणि तो ते कुणाला विसरू देत नाही.

आवाज ऐकून एमिल दारात आला. "काय झालं?"

"लॅडीचं लिहिलेलं मी पुसलं," विल्मा म्हणाली.

एमिलने टोपी काढली आणि तशीच हातात धरून राहिला.

जोलीन रंगाच्या उलट्या बादलीवर बसली. ती रडत नव्हती. ओकच्या पाचरींकडे बघत होती. "चार महिने," ती म्हणाली. "चार महिने माझ्याच घरात होतं ते, एमिल. रुमाल उचलला असता तर..."

"मिनेसोटाची गोधडी," विल्मा एकदम म्हणाली.

"काय?"

"गेल्या वर्षीच्या थंडीत तिकडच्या एका बाईला पाठवली होती ती. तिच्या दारात रात्रभर पडून राहिली, आणि सकाळी माझ्या सगळ्या रेषा परत उमटलेल्या. केवढी खजील झाले होते मी. थंडीने परत येतं ते, जोलीन! कडाक्याच्या थंडीने. कधी येतं, कधी नाही."

"मग फ्रीझरमध्ये घाल," एमिल म्हणाला. "आतलं अर्धं डुक्कर काढतो बाहेर."

"अर्धी शिवलीय रे. उतरवली तर पुन्हा सरळ चढणार नाही."

एमिलने खिडकीबाहेरच्या तापमापकाकडे बघितलं. पारा शून्याखाली पंधरावर होता.

"तुझी फ्रेम गॅरेजमध्ये आहे, बाई," तो म्हणाला. "दोन वर्षं बोंबलतोय मी."

त्याने हीटर बंद केला. दोघांनी मिळून मशीन रुळांवरून उचलून घरात नेलं, थंडीत बिघडू नये म्हणून. मग एमिलने गॅरेजचं मोठं दार पूर्ण वर चढवलं. गाड्यांसाठी केलेलं ते दार फ्रेमच्या लांबीपेक्षा रुंद होतं. वारा सरळ कापडावर आला.

जोलीन स्वयंपाकघरात अंगातला कोट न काढता बसली. विल्माने तिच्यापुढे कॉफी आणि कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, ठेवले. तिने त्यांना हात लावला नाही.

"काही उमटलं तर तू वाचू नकोस," ती म्हणाली.

"नाही वाचणार."

"आणि मी तरी वाचू का? तो म्हणाला होता, पलंगावर पसरल्यावर."

"ते तुझं तू ठरव."

दुपारी दोनला काही नव्हतं. तीनला कडेच्या एका चौकोनावर एका चुलतभावाचं आडनाव दिसू लागलं, पाण्यातून दिसावं तसं. पाच वाजत आले तेव्हा विल्मा पुन्हा बघून आली आणि दारातच उभी राहिली. तिचे ओठ निळे पडले होते.

"दोन ओळी आहेत," ती म्हणाली. "वरच्या ओळीत पहिला शब्द 'जो' आहे, लॅडी तुला म्हणायचा तसा. तेवढाच दिसला आणि मी मान फिरवली. खालची ओळ अजून नीट आलेली नाही."

जोलीन उठली. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारापर्यंत गेली, दाराच्या मुठीवर हात ठेवला.

उद्या दुपारी पारा शून्याच्या वर जाईल, असं पाचच्या बातम्यांत सांगितलं; म्हणजे खालची ओळ उमटायला आजची रात्रच होती. पलीकडे गॅरेजचं मोठं दार उघडंच होतं, आणि जोलीनचा हात अजून मुठीवर होता.