भिंतीवरचा ५१०५११

मित्रांनो, मी ५१०५११ हा आकडा. दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर शाळा आहे, तिथल्या सातवीच्या वर्गात भिंतीवर राहतो. आकड्याला राग येत नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं माझी गोष्ट ऐकावी.

तसा मी मोजणीइतकाच जुना. पण मला हुडकून काढलं धरमसिंग गुरुजींनी. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या मूळ संख्यांचा त्यांनी गुणाकार केला आणि आहेराच्या पाकिटात रुपया टाकतात तसा वर एक टाकला. झालो मी तयार. मग त्या सातही जणांनी मला भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरायची, तो वरचा एक. गुरुजी हरखले. सतरापाशीच थांबले आणि पेंटरकडून निळ्या रंगात लिहून घेतलं, 'आमच्या शाळेची मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही.'

नऊ वर्षं माझं कौतुक झालं. साहेब यायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. पंधरा ऑगस्टला मला हार पडायचा. हार घालायला सगळ्यांना हात होते, भागाकाराला एकालाही नव्हते.

यंदा संगीतानं भागून पाहिलं. यवतमाळच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच मुलगी जायची होती, आणि ती संगीताच, असं सगळा तांडा धरून चालला होता. आदल्या दिवशी गुरुजींनी सहज माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याबद्दल सांग."

"गुरुजी, ही मूळ संख्या नाही. एकोणीसनं भाग जाऊन राह्यला. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर, बाकी शून्य."

मला किती बरं वाटलं, काय सांगू. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणी खरं बोललं होतं.

"एवढे सायब येऊन गेले, त्याइले नाही दिसलं, अन् तुलेच दिसलं काय?" असं म्हणून गुरुजींनी यादीतलं तिचं नाव खोडलं. तिची आई हंसाबाई शाळेतच खिचडी शिजवते. ती पळी घेऊनच दारात आली. "गुरुजी, एकडाव भागून त पाहा. पोरीचं नाव काहून खोडून राह्यले?"

तेव्हा पाहिलं नाही. मुलं घरी गेल्यावर पाहिलं, फळ्यावर, माझ्यादेखत. बाकी शून्य आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यापुढे. यादी अजून त्यांच्या खिशातच होती. एक नाव परत लिहायला कितीसा वेळ लागतो? गुरुजींनी फळा पुसला, कुलूप लावलं आणि निघून गेले. सकाळी जीपमध्ये दुसरीच मुलगी बसली. आठवड्यानं पेंटर आला आणि तीच ओळ गिरवून माझ्यावर ताजा निळा हात मारून गेला.

मित्रांनो, भिंतीवरच्या इतर गोष्टी म्हणत असतील आम्हाला जपा. मला जपू नका. कागद घ्या आणि भागा. आधी एकोणीसनं, मग सत्त्याण्णवनं, शेवटी दोनशे सत्त्याहत्तर हाती येतील. आणि बाकी शून्य आली, तर फळा पुसू नका.